धनसिंग तांडा कुठं आहे?

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. नेरला घरी सुट्टी घालवायची, उन्हात बसून बोरं खायची, एवढाच माझा बेत. पण कॉलेजातले भूगोलाचे सर म्हणाले, "पाहुण्या बाईंसोबत तूच जा. तुला इंग्रजी येतं आणि इकडची बोलीही." झालं! महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि सरांना नाही म्हणायची आमची छाती नव्हती.

पाहुण्या बाई म्हणजे हान्ना. डेन्मार्कच्या, पन्नाशीच्या, माझ्याहून वीतभर उंच. त्यांच्याकडची खेडी आणि आपली खेडी, माणसं कुठं राहतात, काय पिकवतात, कुठं शिकतात, याची त्या तुलना करत होत्या. हातातल्या यादीत एका नावाखाली लाल रेघ होती: धनसिंग तांडा, आर्णीजवळ. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर धान्य-मीठ वाहून नेणारे हे लोक आता एका जागी राहून शेती करत होते, आणि बाईंना नेमकं तेच पाहायचं होतं.

नेरहून सकाळच्या एसटीनं यवतमाळ, तिथून दुसरी गाडी आर्णीची. दोघींचे मिळून चार रुपयेही लागले नाहीत. पण धूळ! आर्णीला उतरलो तेव्हा आमच्या दोघींच्या केसांचा रंग एकच झाला होता. वाटेत बाई खिडकीतून बघत म्हणाल्या, "घरं इतकी चिकटून का? आमच्याकडे प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात असतं." शेजारच्या आजीला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "अवो, मंग मीठ सरलं तं कोणाले मागते?" बाईंनी हसत हसत ते वहीत उतरवून घेतलं.

आर्णीत चहा घेता घेता धनसिंग तांड्याची चौकशी केली. हॉटेलवाला मान हलवून म्हणाला, "तो तांडा आता नाही इकडं." आणखी दोघांना विचारलं. तेच उत्तर. बाईंनी शांतपणे नावापुढं 'उजाड' लिहिलं. त्यांच्याकडंही म्हणे रोगराईत उठून गेलेली गावं आहेत. मला तर बरंच वाटलं, म्हटलं चला, बोरं वाट पाहतायत. पण तिथला एक बैलबंडीवाला म्हणाला, "तांडाच पाहाचा आहे ना? रामजी तांडा दाखवतो, बसा." बाई बंडीत चढल्यासुद्धा!

दोन तास कपाशीच्या शेतांमधून हाडं खिळखिळी करून घेतली. तांड्यावर रामजीभाऊ सामोरे आले. तिशीतले, काटकुळे, डोक्यावर कोरं पागोटं. वर्षापूर्वीच ते तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख झाले होते. त्यांच्या चुलतीनं आम्हाला भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणायचा. ठेच्यानं हान्नाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी प्रश्न चालूच. मुलं कुठं शिकतात?

"कुठीच नाही," रामजीभाऊ म्हणाले. "शाळा मंजूर झाली म्हणते. दोन वर्षांपासून मास्तरची वाट पाहून राह्यलो."

बाई म्हणाल्या, त्यांच्या गावातली शाळा बंद होतेय. इमारत आहे, बाकं आहेत, पियानोही आहे, फक्त मुलं उरली नाहीत. जो तो शहरात.

मी सांगताच याडी म्हणाली, "मंग ते शाळा इकडं पाठवून द्या ना!" सगळे हसले. हसता हसता मी सहज विचारलं, "अर्ज कोणत्या नावानं केलता?"

"धनसिंग तांडा."

माझा घास हातातच राहिला. "म्हणजे हाच तो?"

"तवा होता. काका वारले, मी नाईक झालो, आता रामजी तांडा. नाईक बदलला का नाव बदलते. हे कोणाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. एका दिवसाच्या वाटेवर जन्म काढलेल्या, भूगोल शिकणाऱ्या मला! फार लाज वाटली.

"मग धनसिंग तांडा विचारत कोणी आलं नाही?"

"आलता ना एक," याडी म्हणाली, "पेटी घेऊन. आम्ही सांगितलं, धनसिंग तांडा आता नाही. पाणी पेला अन् गेला."

मग रामजीभाऊ हळूच म्हणाले, "तो मास्तर होता?"

मी सांगितलं, नवं नाव कागदोपत्री चढवायचं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. जुनंच नाव चालू ठेवलं तर एका अर्जात काम होईल. ते म्हणाले, "मंग मले नाईक कोण म्हणन?" मी फटकन बोलले, "नावाचं काय घेऊन बसलात!"

"तू नको बोलू, पोरी," याडी कडाडली. "नाव त्याचं जाऊन राह्यलं, तुह्यं नाही."

ती धनसिंगची बायको, तिच्याच नवऱ्याचं नाव वर्षापूर्वी गेलं होतं, हे तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात शिरलं. रामजीभाऊ उठले, लिंबाखाली माणसं जमवली, त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. बंडीवाल्यानं कानात मराठी केलं: "आजपासून कोणीबी पुसलं तं हा धनसिंग तांडा." मग परत येऊन, माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिव्हा अर्ज." मी लिहिला. त्यांनी अंगठा उठवला.

परतताना बाईंनी 'उजाड' खोडलं. म्हणाल्या, "आमच्या गावांची नावं शेकडो वर्षं तीच आहेत. माणसंच टिकत नाहीत."

नेरला येऊन बोरं खाल्ली, पण मन लागेना. उन्हाळ्याच्या तोंडावर तांड्यावरच्या नव्या मास्तरांचं कार्ड आलं: शाळा सुरू, लिंबाखालीच. त्या दिवशी मी घरभर नाचले.

पुढं खूप वर्षांनी पुन्हा गेले. आता डांबरी रस्ता आहे, आर्णीहून अर्ध्या तासात पोचता, कुणी जाणार असाल तर जरूर जा. फाट्यावर पाटी दिसेल, धनसिंग तांडा. रामजीभाऊ गेले, त्यांच्यानंतर दोन नाईक झाले, नाव काही बदललं नाही. रामजीचं नाव ना पाटीवर, ना नकाशात, ना पोरांच्या दाखल्यावर. म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले. एक वर्षभर का होईना, तो रामजी तांडा होता.