कंदुरीचं पातेलं

वशाट, म्हणजे मटण-मांस, शिजवलेलं भांडं आमच्याकडं घरात ठेवत नाहीत. ते गोठ्यात, पत्र्याच्या शेडात नाहीतर न्हाणीमागं पोत्यात घालून ठेवतात. रीत वाईट नाही. पण रीतीचं नाव सांगून माणसं किती घाण करतात ते बघायचं असेल, तर कंदुरीच्या आधी आमच्या भावकीचं पोतं सोडून बघावं. मी दरसाली सोडते.

आमचा पीर गावापासून लांब, माळावर आहे. नवस फळला की बकरं घेऊन तिथं जायचं. मुलाणी बकरं कापतो. तिथंच दगडांच्या चुली मांडून शिजवायचं, पिराला निवद दाखवायचा, ज्याच्यासाठी नवस केला त्याला पहिला घास भरवायचा आणि मग सगळ्या भावकीनं जेवायचं. शिजवलेलं घरी आणायचं नाही. हीच कंदुरी. माळावर दुकान नाही, नळ नाही. ट्रॉलीत घातलं तेवढंच आपलं. मीठ विसरलं तर अळणी खायचं आणि गप्प बसायचं.

भांडी निवडायचं आणि बांधायचं काम माझ्याकडं सासूच्या मागं आलं. कुणी मान म्हणून दिलं नाही. कुणालाच नको होतं, म्हणून आलं. भांडी वर्गणीतून घेतलेली, सगळ्यांची. दरसाली एकेका घरानं ती सांभाळायची. सगळ्यांची वस्तू घासायला कुणी नसतं, वापरायला सगळे असतात.

या खेपेला भांडी माझ्या पुतण्याच्या घरी होती आणि नवसही त्याच्याच घरचा होता. त्याच्या सुनेचं लेकरू तान्हं असताना त्याचं पोट असं चाललं, की परभणीच्या दवाखान्यात नेऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. डॉक्टर काही सांगेनात. त्या पोरीनं दवाखान्याच्या पायरीवर बसून पिराला बकरं बोललं. लेकरू वाचलं. आता चालतं, बोटाला धरून ओढतं. पण पोट त्याचं अजून नाजूकच आहे. जरा उन्नीस-बीस झालं की जुलाब. बोललेलं फेडायचं आणि पहिला घास लेकराच्या तोंडात घालायचा, एवढ्यासाठी त्या पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

दोन दिवस आधी मी पुतण्याच्या शेडात गेले. खताच्या पिशव्या, फवाऱ्याचा पंप, मोडकी सायकल आणि त्यांच्या खाली आमचं पोतं. पोत्याचं तोंड सोडलं आणि वासानं मागं सरले. चाळणीत उंदरानं घर केलं होतं. चिंध्या, लेंड्या, सगळा संसार. लांब दांड्याच्या डावाला मागल्या सालची चरबी तशीच, पिवळी, वाळलेली, तिच्यावर केस चिकटलेले. परातीत कुणीतरी कोंबड्यांना भिजवलेली भरड घातली होती, ती बुडाला दगडासारखी झाली होती.

"मागल्या साली ही कुणी घासली?" मी विचारलं.

पुतण्या बाजेवर पडून मोबाइल बघत होता. "घासल्यालीच हायती की, मोठ्याई. पोत्यात पडून ऱ्हायलं की जरा वास येतंयच."

"वास न्हाई रे, चरबी हाय ही. नखानं निघायली."

"मग वशाटाच्या भांड्याला काय गुलाबाचा वास येणार व्हय?" असं म्हणून स्वतःच हसला.

मी भांडी बाहेर काढून मांडली. मोठं पातेलं नव्हतं. आमचं मोठं पातेलं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं आहे, बकऱ्याचा सगळा रस्सा एकदम होतो इतकं मोठं. दोघींना धरून उचलावं लागतं.

"ते शेतात आखाड्यावर, खोपीत हाय," तो म्हणाला. "पाणी भरून ठिवायला नेलं होतं. तुमी नका काळजी करू. त्या दिवशी घासून थेट ट्रॉलीत घालतो."

हा माणूस जेवून उठला की स्वतःचं ताट सरकवत नाही. तो पातेलं घासणार म्हणाला तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

त्याची सून आली आणि पदर खोचून बसली. तिनं विचारलं नाही, नाक मुरडलं नाही. आम्ही दोघींनी चिंचेचं पाणी उकळून एकेक भांडं त्यात बुडवलं, मग राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासलं. चाळणी मी उकिरड्यावर फेकली. उंदीर ज्यात व्याला ते माझ्या हातानं पुन्हा पिठाला लागणार नाही. भांडी दिवसभर उन्हात पालथी घातली. ओलं भांडं पोत्यात घातलं की पोतं कुबट आणि भांडंही कुबट.

बांधताना मी तिला सांगितलं, की चुलीला लागणारं एका पोत्यात आणि तोंडाला लागणारं दुसऱ्यात. काजळी आणि परात एका जागी आली की भाकरी काळी. डाव, झारे, उलथनं फडक्यात गुंडाळून उभं घालायचं, नाहीतर पोतं फाडतात. मीठ आणि येसराचा मसाला डब्यात, डब्याला दोरी. पाण्याच्या घागरी सगळ्यात शेवटी चढवायच्या, म्हणजे सगळ्यात आधी उतरतात. माळावर गेल्या गेल्या माणसांना पाणीच लागतं. पुतण्यानं पाण्यासाठी निळा ड्रम आणून ठेवला होता. मी त्यात तोंड घालून वास घेतला आणि परत नेऊन ठेव म्हणाले. औषधाचा ड्रम होता तो, कापसावर मारायच्या औषधाचा.

"धुतलाय," तो म्हणाला.

"तुझ्या बैलाला पाज त्यातलं," मी म्हणाले. त्यानं ड्रम नेला. बैल त्याला प्यारा आहे.

निवदाचं पितळी पातेलं मात्र माझं स्वतःचं आहे. शेरभराचं, आत कल्हई. कल्हईवाला ताडकळसच्या बाजारात आता कधी येतो, कधी येत नाही, तरी मी वाट बघून करून घेते. ते मी भावकीच्या पोत्यात कधीच घालत नाही. दाराबाहेर ओसरीवरच्या पेटीत ठेवते, कुलूप लावून. म्हातारी कद्रू आहे म्हणतात. म्हणू देत.

कंदुरीच्या दिवशी दोन ट्रॉल्या भरून माणसं माळावर उतरली. उतरल्या उतरल्या बाप्यांनी सावली धरली आणि गुटख्याच्या पुड्या फोडल्या. चुलीसाठी दगड मांडले होते, तिथंच एकानं पचकन थुंकलं. मी दगड उचलून त्याच्या पायापाशी नेऊन ठेवला आणि दुसरा आण म्हणाले. बायका हसल्या. तो उठला, पण तोंडातला तोबरा काही टाकला नाही.

मुलाण्यानं बकरं कापलं. तोवर पुतण्यानं मोठं पातेलं दुसऱ्या ट्रॉलीतून उतरवून आणलं. मी बघतच राहिले. पातेलं आतून चकचकत होतं. आमच्या त्या पातेल्याला मी कधी असं बघितलं नव्हतं. कडीच्या बुडाशी, जिथं कुणाचा हात पोचत नाही, तिथंसुद्धा घासलेलं. बाहेरची काजळी मात्र तशीच.

"कुणी घासलं हे?"

"मीच की. वाळूनं, सोड्यानं, चार खेपा."

"का?"

"आता घासलं तरी बोलायल्याव, न्हाई घासलं तरी बोलायल्याव!" तो बाकीच्यांकडं बघून म्हणाला. "ह्या म्हातारीला देव बी पुरा पडणार न्हाई."

मी एका बाईला हाताशी घेऊन पातेलं चुलीवर चढवलं, घागरीचं पाणी ओतलं आणि जाळ घातला. पाणी तापलं, वाफ आली आणि तिच्याबरोबर तो वास आला. आधी वाटलं, नाकाला भास होतोय. मी वाकले. पुन्हा तोच. सोयाबीनवर फवारा मारून आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो, गोडसर, घशात बसणारा. पोरीला म्हणाले, "इकडं ये, वास घे." तिनं घेतला आणि पदर नाकाला लावला.

मी जाळ ओढला. पातेल्याच्या काठाला गोल दुमड असते. तिच्या आत खिळ्याचं टोक घालून खरवडलं. पांढुरका चिकट गाळ निघाला. खिळा तसाच धरून पुतण्याकडं गेले.

"ह्यात औषध कालवलंस?"

तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एकदाच. मग म्हणाला, पंपात घालायच्या आधी कशात तरी कालवावं लागतंय, आखाड्यावर दुसरं मोठं भांडं कुठं आहे.

"सगळ्यांचं भांडं, आन् त्यात इख?"

"अवं, घासलंय की! आन् उकळलं की जातंय सगळं. तुमी भाजी खाता तिच्यावर काय मारत्यात म्हायतंय का?"

बाकीचे बाप्येही बोलायला लागले. बकरं कापून झालंय, ऊन चढायलंय, माणसं उपाशी हायती, आता कुठं दुसरं पातेलं आणायचं. एक जण म्हणाला, "लय तिखट घाला, काय कळत न्हाई." मला माणसांची किळस आली. उंदराची आली नव्हती इतकी. उंदराला कळत नाही.

मी वाटी घेतली, पातेल्यातल्या गरम पाण्यात बुडवली आणि पुतण्यासमोर धरली.

"पी."

"काय?"

"उकळलं की जातंय म्हणतोस ना. पी. तू ह्यातलं पी, मग रस्सा करते. पयला घास तुझ्या नातवाला भरवायचाय."

तो हसला. इकडं तिकडं बघितलं. कुणी त्याच्या बाजूनं हसलं नाही. सावलीतले सगळे वाटीकडं बघत होते. वाटीतून वाफ निघत होती. त्यानं हात पुढं केला नाही.

मुलाणी सुरी पुसत बसला होता. म्हातारा माणूस, माझ्याच वयाचा. तो म्हणाला, "ए बाबा, मी अल्लाचं नाव घेऊन बकऱ्याच्या मानेवर सुरी फिरवलीय. लेकराच्या न्हाई."

तेव्हा ती पोरगी उठली. कडेवरचं लेकरू तिनं माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांना फडकं गुंडाळलं आणि एकटीनं पातेलं कलंडवलं. सासऱ्याच्या पायापर्यंत पाणी वाहत गेलं. तो मागं सरला. चूल विझली आणि राखेचा भपकारा उठला.

"माझ्या लेकराचा नवस हाय, मामा," ती म्हणाली. "इतकंच सांगते."

मग आम्ही लहान भांडी काढली. भाताचं, वरणाचं, दुधाचं, जे जे आम्ही घासून बांधलं होतं ते सगळं. थोडं थोडं करून शिजवलं. लेकरासाठी आणि निवदासाठी माझ्या पितळी पातेल्यात वेगळं, तिखट न घालता. पोरीनं मऊ तुकडा बोटानं कुस्करून लेकराच्या तोंडात घातला. त्यानं चघळला, आणखी मागितला. ती तोंड फिरवून बसली. मी तिच्याकडं बघितलं नाही. कुणी रडत असलं की मला काय करावं सुचत नाही.

बाप्ये फार उशिरा जेवले. रस्सा पुरला नाही म्हणून कुरकुरले. कुरकुरू देत.

जेवणं झाल्यावर मी ट्रॉलीतली पहार मागितली. चुलीचे दगड काढायचे असतील म्हणून कुणीतरी दिली. मी पातेलं पालथं घातलं आणि बुडात पहार घातली. म्हातारा हात, पहिल्या घावाला नुसता पोचा आला. दुसऱ्याला भोक पडलं. मी तिसराही घातला, भोक मोठं व्हावं म्हणून.

"भावकीचं भांडं फोडलं!" पुतण्या ओरडला. "सगळ्यांची वर्गणी हाय त्यात!"

"ह्या भोकातनं दिसती का बघ तुझी वर्गणी," मी म्हणाले.

भावकीत अजून बोलतात. म्हातारीनं माजानं फोडलं म्हणतात. ज्यानं विष कालवलं त्याला काही म्हणत नाहीत, कारण कालवतात सगळेच. पुतण्यानं भोकाला रबर आणि डांबर लावलंय आणि ते पातेलं आखाड्यावर फवाऱ्याला वापरतो. वापरू दे. आता ते चुलीवर कुणी चढवणार नाही. चढवलं तर डांबर वितळेल, पाणी गळेल आणि जाळ विझेल.

उरलेली भांडी पुढच्या घरी जायची होती. ती पोरीनं जाऊ दिली नाहीत. तिच्या खोलीच्या मागं भिंतीला लागून छोटा पत्रा टाकलाय, त्याखाली दोन पोती टांगून ठेवलीत, खाली टेकू नयेत म्हणून. महिन्याला सोडते, उन्हाला घालते, पुन्हा बांधते.

परवा मी तिथं बसले होते. पुतण्या शेतातून आला. औषध ढवळायची काठी मोडली म्हणाला. पोत्यातला लांब डाव दे म्हणाला, संध्याकाळी आणून देतो, धुऊन.

पोरगी लेकराला भरवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या ताटातला चमचा घ्या, मामा. तो बी धुऊनच आणा."

त्यानं कुंपणाची बाभळीची फांदी मोडून घेतली आणि गेला.