पडद्यावरचा काल

सकाळी आमच्या रुग्णालयाचा सर्व्हर बंद पडला. बॅकअपच्या टेपवरून सगळी माहिती परत आणणारा प्रोग्राम माझा होता, आणि तो चालला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अभिमान वाटला, लपवू कशाला? धुक्यातून माणसं चालत यावीत तशी पडद्यावर रुग्णांचं एकेक नाव उमटत होतं. पण टेप कालची होती, म्हणून पडद्यावर कालचाच दिवस उजाडला.

प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. "अगं, त्या कोपऱ्यातल्या बाईला पहाटे मुलगी झाली. इथं पडद्यावर ती अजून पोटुशीच! बाळाची नोंद नाही, तर लस कशी देऊ?"

मी वॉर्डात जाऊन बाईला सगळं सांगितलं. ती दमल्या चेहऱ्यानं हसली. "म्हंजे ताई, परत कळा द्यायच्या व्हय?"

मुलगी तिच्या कुशीत झोपली होती. वाटलं, पडद्यावरच्या त्या कालच्या दिवसात ही अजून अंधारात तरंगत असेल, दुरून आईचा आवाज ऐकत. तिला इकडं आणायला कुठलीच टेप उपयोगाची नव्हती.

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. "सांगा, कशी झाली?"

आई सांगत गेली, मी लिहीत गेले. या खेपेला ती एकदाही कण्हली नाही.