भिंतीपलीकडचा दवाखाना

जुन्या जालन्यात राहायचो तेव्हा बाबांनी लिहिलेली पत्रकं मी पायी वाटायचे. चहा निवायच्या आत अख्खी गल्ली संपायची, कारण दुकान, शाळा, विहार, दवाखाना सगळं एकमेकांना खेटून होतं. भोकरदन रोडच्या प्लॉटिंगमध्ये आलो आणि पत्रकंसुद्धा स्कूटीवरून वाटावी लागली. इथे दुधाला पेट्रोल, कोथिंबिरीला पेट्रोल.

इथल्या प्रत्येक बिल्डरने आपल्या जमिनीभोवती भिंत घातली आहे. आमच्या घरासमोरचा रस्ता त्या भिंतीशी संपतो. पलीकडे दुसरी कॉलनी, आणि तिच्या पहिल्याच ओळीत दवाखाना. आमच्या गच्चीवरून त्याची पाटी वाचता येते. जायचं मात्र आधी हायवेला, मग पुलाखालून वळसा घालून. हा नकाशा ज्याने काढला त्याने गाडी नसलेला माणूस धरलाच नव्हता. चोऱ्या वाढल्या तेव्हा या भिंतीवर काचा बसवायला पुढाकार घेतला तो माझ्याच बाबांनी. माणसामाणसांतल्या भिंती पाडा, असं पत्रकात लिहिणाऱ्या बाबांनी.

आईला दमा आहे. त्या आठवड्यात पेट्रोलचे टँकर आले नाहीत आणि पंपांवर दोऱ्या बांधलेल्या होत्या. बाबा रेल्वेने परतूरला शाळेत शिकवायला गेलेले. दुपारी आईचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. इनहेलर मारला, फरक पडेना. स्कूटी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. अँब्युलन्सवाला म्हणाला, वेळ लागेल. ओळखीचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, माझीच टाकी कोरडी हाय."

आईच्या ओठांचा रंग बदलत होता. मला तो रंग दिसत होता आणि समोर दवाखान्याची पाटी दिसत होती.

शेजारच्या अर्धवट बांधकामावरची बांबूची शिडी ओढत आणून मी भिंतीला लावली. वर चढून ओरडले. पलीकडे एक बाई कपडे वाळत घालत होती.

"आईला दम लागलाय, इकडून आणू का?"

"मंग गेटनं या की."

"पेट्रोल न्हाई, मावशी."

तिने हातातला परकर तसाच टाकला. "आमचा हौद भिंतीलाच लागून हाय. त्याच्यावर पाय ठेवता येईल. पन त्या काचा?"

घरातली वाकळ आणली. ती पुरेना, काच आरपार टोचत होती. मग कॉलनीत सिटी बस यावी म्हणून छापलेल्या पत्रकांचे गठ्ठे वाकळीखाली कोंबले. आई एकेका पायरीवर थांबत चढली. मी खालून तिला धरलं होतं आणि ती थांबली की तिचा श्वासही थांबला, असंच मला वाटत होतं. वर पोचल्यावर तिने मागे माझ्याकडे पाहिलं. मला घाबरलेली बघून तीही घाबरली. मावशींनी तिला कमरेला मिठी मारून हौदावर घेतलं, आणि मी मागोमाग उतरले. दवाखान्याच्या पायरीपर्यंत आम्ही तिला जवळजवळ उचलूनच नेलं.

वाफ दिल्यावर श्वास सुटा झाला. डॉक्टर म्हणाले, वळसा घालून आला असता तर अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा हातोडी घेऊन शिडीवर चढले आणि काचा फोडू लागले. खालून शेजारच्या काकांनी विचारलं, "सर, हे काय करून राह्यले? चोर आले म्हंजे?"

"आल्ते ना काल," बाबा म्हणाले. "आमच्याच घरचे होते."

काकांना हसावं की नाही ते कळलं नाही. कॉलनीच्या बैठकीत भिंतीला दार पाडायचा विषय निघाला आणि तिथेच पडून राहिला. शिडी मात्र अजून कुणी हलवलेली नाही. रोज सकाळी मी गच्चीवर जाते. आई खोकते आहे का ते ऐकते, आणि शिडी जागेवर आहे का ते बघते.