यंत्र लावलं त्या दिवशी

छातीत धडधड सुरू झाली की मी हातातलं काम टाकून ओट्याला धरून उभी राहायचे. मध्येच एक ठोका चुकायचा, पुढचा दाणकन आदळायचा, मग नुसती पळापळ. ईसीजी काढायला जावं, तर हृदय शहाण्या मुलासारखं वागायचं. हे म्हणायचे, "रिकामं डोकं. दुसरं काही नाही." खरंच काही झालंय की मी उगाच वेडी ठरतेय, एवढंच मला कळायला हवं होतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी छातीला वायरी चिकटवून कमरेला एक डबी अडकवली. उद्यापर्यंतचा प्रत्येक ठोका ती टिपणार होती. "रोजच्यासारखं वागा," त्या म्हणाल्या.

घरी मात्र पाहुणा आल्यासारखं झालं. यांनी स्वतः चहा केला. आमटीत मीठ कमी पडलं होतं, ते गुपचूप वरून घेतलं. एरवी तेवढ्यावर माझ्या माहेरचा उद्धार होतो. डबी बोलणं टिपत नाही हे मी सांगितलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

धडधड काही येईना, आणि मला चैन पडेना. मंडईतून जड पिशव्या उचलून आणल्या, जिने भराभर चढले, वर कडक चहा घेतला. संध्याकाळी मुद्दाम यांच्या न वाचलेल्या पेपरवर लसूण सोलला. "राहू दे," म्हणाले. हृदय आपलं संथ चाललेलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी डबी काढली. थोड्या वेळाने रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे. कालचा दिवस नेहमीसारखाच गेला ना?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले हे म्हणाले, "अगदी नेहमीसारखा. मी सांगतच होतो, सगळी नाटकं आहेत हिची."

आणि ठोका चुकला. पुढचा दाणकन आदळला. मी मनगट टेबलावर ठेवलं. "आत्ता बघा."

त्यांनी नाडी धरली ती बराच वेळ सोडली नाही. तिथल्या तिथे ईसीजी काढला. ठोके खरंच वेडेवाकडे पडत होते. आणखी तपासण्या करू, घाबरू नका, त्या म्हणाल्या. मग यांच्याकडे वळल्या. "आपण जरा बाहेर बसता का?"

हे हलले नाहीत. मी थांबवून घेईन म्हणून माझ्याकडे बघत राहिले.

"बसा ना बाहेर," मी म्हणाले. छाती तेव्हाही धडधडत होती.