‘काहून’च्या पुढची टेप

“मायचं ओलं लुगडं उन्हात काहून वायते?”

टेप थांबली. सरांनी बटण दाबलं. टेप मागे गेली, पुन्हा सुरू झाली.

“…काहून वायते?”

पुन्हा मागे. आता तेवढा एकच शब्द. काहून. थांब. काहून. थांब. काहून. हॉलभर मास्तर आणि बाया हसत होते. कुणी तोंडाला रुमाल लावला होता, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारत होता.

टेपवरचा आवाज माझा होता. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. कान तापले होते. आणि मीही हसत होतो. सगळे हसत असताना एकटा न हसणारा लगेच ओळखू येतो, म्हणून हसत होतो.

ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. जिल्ह्यातल्या काही शाळांना सरकारकडून टेपरेकॉर्डर मिळाले होते. ते वर्गात कसे वापरायचे हे शिकवायला आम्हा मास्तरांना नागपूरला बोलावलं होतं. मे महिना. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारायला एक म्हातारा शिपाई. प्रशिक्षण देणारे मोठे सर गोरेपान, आवाज रेडिओवरच्या बातम्यांसारखा. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते म्हणाले, “म्हणजे इंदोऱ्याकडचे ना?”

नागपुरात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. जात विचारणं वाईट दिसतं. वस्ती विचारली की काम भागतं. मी म्हणालो, “हो सर.” माझी आई, बायको, लेक इंदोऱ्यातच, आमच्या बौद्ध वस्तीत, राहत होत्या. मी सावनेरकडच्या एका खेड्यात मास्तर होतो. शनिवारी घरी यायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं जवळच्या शाळेत, सुट्टीतून बोलावून आणलेल्या पोरांपुढे, एक पाठ घ्यायचा होता आणि तो टेपवर भरायचा होता. मला चौथीचा वर्ग मिळाला. विषय बाष्पीभवन. पुस्तकात पातेल्याचं चित्र होतं. मला मात्र माझ्या आईचं लुगडं आठवलं. एकच होतं तिच्याकडे. नदीवर अर्धं नेसून अर्धं वाळवायची, मग वाळलेलं अर्धं नेसून दुसरं अर्धं वाळवायची. मी काठावर बसून ते वाळायची वाट पाहायचो. बाष्पीभवन मी तिथं शिकलो. मग पोरांना तेच विचारलं, आणि ज्या तोंडानं मी नदीवर विचारलं असतं त्याच तोंडानं विचारलं: ‘का वाळतं’ नाही, ‘काहून वायते’.

“हा विनोद नाही,” हसू ओसरल्यावर सर म्हणाले. “यंत्र खोटं बोलत नाही. आपण मुलांच्या कानात काय ओततो ते यंत्र दाखवतं. वस्तीतली भाषा वस्तीत ठेवायची. शाळेत आणायची नाही.”

त्यांनी पुन्हा बटण दाबलं, तेवढ्यात मशीननं टेप गिळली. आत गुंता झाला. सर घाबरले, कारण मशीन सरकारी होतं. मी उठलो, झाकण काढलं, चाकाभोवती गुंडाळलेली टेप नखानं अलगद सोडवली, कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फिरवत सरळ केली. टेप पुन्हा चालू झाली. काहून. लोक पुन्हा हसले.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हात सोन्याचा आहे रे तुझा. जिभेचं तेवढं बघू.”

महिनाभरात माझी नागपूरला प्रतिनियुक्ती झाली. मोठ्या सरांचा मदतनीस. मशीन लावायचं, मास्तरांना बटणं शिकवायची. खेड्यातल्या मास्तराला आणखी काय पाहिजे? घरी राहायला मिळणार होतं. लेकीचं नाव नुकतंच शाळेत घातलं होतं, रोज तिला सायकलवर सोडता येणार होतं. बायकोनं खीर केली. कुणाच्या कृपेनं आणि कशाच्या बदल्यात, हे मी तिला सांगितलं नाही.

मोबदला असा होता. दर बॅचच्या पहिल्या दिवशी दोन कॅसेट वाजायच्या. एकीवर चिठ्ठी होती ‘शुद्ध’. तिच्यात सरांचा पाठ. दुसरीवर ‘अशुद्ध’. तिच्यात मी. सर बोट वर करायचे आणि मी बटण दाबायचो. ‘काहून’ आला की थांबवायचो, मागे न्यायचो, पुन्हा लावायचो. जागा बोटाला पाठ झाली होती, डोळे मिटून सापडायची.

तो आवाज कुणाचा हे कोणत्याच बॅचला कळलं नाही. कसं कळणार? तोवर मी माझी बोली घासूनपुसून काढली होती. ‘मले’चं ‘मला’ झालं, ‘पानी’चं ‘पाणी’ झालं. ‘ळ’ म्हणताना आधी जीभ दचकायची, मग तीही सरावली. हॉल हसला की मी गालात हसायचो. चहाच्या वेळी एखादा मास्तर विचारायचा, “कोन होता जी थो गावठी?” मी म्हणायचो, “असेल कुणीतरी.”

असेल कुणीतरी. स्वतःबद्दल असं म्हणता येतं. मी म्हणून पाहिलं आहे.

घरीही तेच चाललं होतं. लेक आजीजवळ बसून विचारायची, “आजी, हे काहून असं?” मी पेपरातून डोकं वर काढायचो. “काहून नाही, का. आणि आई, तूही ‘का’ म्हणत जा ना. पोरीला तीच सवय लागते.”

आई माझ्याकडे बघत राहिली. “मंग मी बोलूच नोको का रे बापू?”

मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्या दिवसापासून मी घरात असलो की आई नातीशी कमी बोलायची. मी गेलो की बायकोला आतून दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. हे बायकोनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच चिडलो. चोराच्या मनात चांदणं.

मशीन दिलेल्या शाळांना अधूनमधून भेट द्यायची, हेही माझं काम होतं. सावनेरच्या पुढे एका गावी गेलो. हेडमास्तर आमच्याच एका बॅचला येऊन गेलेले. कपाट उघडलं. वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधलेला टेपरेकॉर्डर, त्याला वाळलेल्या झेंडूची माळ.

“नवंच्या नवं हाय, सायेब. दसऱ्याले पूजा करतो आमी त्याची.”

“अहो, पण वापरत का नाही?”

हेडमास्तर घुटमळले. दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “काय हाय सायेब, थे सारं पकडते. आपून बोललो का आपल्यालेच आयकवते. त्या मास्तराचं काय केलं तुमी, पाह्यलं ना आमी नागपूरले.”

मी मान खाली घालून चहा प्यालो. परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. मी मास्तरांना मशीन शिकवत होतो, असं मला वाटत होतं. मी त्यांना मशीनची भीती शिकवत होतो. माझ्याच आवाजाचं बुजगावणं करून मी ते हॉलमध्ये उभं केलं होतं आणि कपाटं मात्र जिल्हाभर बंद होत होती. हे सगळं मला त्या एसटीत कळलं. तरी सरांना मी एवढंच सांगितलं, “मशीन सुस्थितीत आहे.” पुढच्या बॅचला पुन्हा बटण दाबलं. कळणं वेगळं आणि थांबणं वेगळं. माझ्या बाबतीत दोन्हींच्या मध्ये एक अख्खा पावसाळा गेला.

मग दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या बॅचला शेवंताबाई आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, नऊवारी नेसलेल्या. कोणत्या जातीच्या हे मी विचारलं नाही, पण आमच्यातल्या नव्हत्या. मागच्या बाकावर बसल्या होत्या. सरांनी बोट वर केलं, मी बटण दाबलं.

“मायचं ओलं लुगडं उन्हात काहून…”

थांब. मागे. काहून. हॉल हसला. शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला.

“सर, एक इचारू काय?”

“विचारा ना बाई.”

“पोट्ट्याइनं काय उत्तर देल्लं?”

सरांना कळलं नाही. “कुठल्या पोरांनी?”

“या टेपमंधल्या. मास्तरनं इचारलं, लुगडं काहून वायते. मंग पोट्टे काय बोल्ले? तुमी तं तिथंच बंद करून देता.”

सर समजावणीच्या सुरात म्हणाले, “बाई, आपण इथे उत्तर ऐकत नाही आहोत. भाषा ऐकतो आहोत.”

“थे आयकली ना. आता उत्तर आयकू द्या.”

दोघं-चौघं खुदकन हसले. या वेळी कुणाला हसले ते सांगता येत नव्हतं. सर माझ्याकडे वळले. “रिवाइंड कर रे.”

माझं बोट बटणावर होतं. आणि मला दरदरून घाम फुटला. सरांच्या भीतीनं नाही. पोरांनी काय उत्तर दिलं होतं, ते मलाच आठवत नव्हतं. तो पाठ मी घेतला होता, प्रश्न मी विचारला होता, पोरं माझ्याकडे बघून बोलली होती. एवढ्या बॅचमध्ये मी तो प्रश्न वाजवला आणि एकदाही पुढची टेप ऐकली नाही. सरांनी माझा एक शब्द पकडला होता. मी तर माझा अख्खा वर्ग पुसून टाकला होता.

मी मागे नेण्याच्या बटणावरून बोट उचललं आणि चालू करायचं दाबलं. टेप ‘काहून’च्या पुढे गेली.

आधी पंख्याची घरघर. बाक सरकल्याचा आवाज. मग एक मुलगी ओरडली, “ऊन पेते पानी, गुर्जी!”

लगेच एक मुलगा, “ऊन काहून पीन? तोंड हाय का त्याले?”

वर्गात खसखस. दुसरी कुणी म्हणाली, “माह्या घरी तं सावलीतबी वायते.” “मंग हवा नेत असन.” “नेते तं कुठं नेते?” सगळे एकदम बोलायला लागले. आणि त्या गोंगाटातून माझा आवाज, मोकळा, आनंदी, मलाच अनोळखी, “थांबा, थांबा! दोन फडके ओले करा. एक उन्हात टाका, एक सावलीत. चाला बाहेर, करूनच पाहू!”

पोरांच्या पळण्याचा आवाज आला. सरांनी पुढे होऊन स्वतः मशीन बंद केलं.

शेवंताबाईंनी चष्मा वर सारला. “कोन हाय जी हा मास्तर? याले बलावा ना आमाले शिकवाले.”

“बाई, बसा,” सर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “मागे घे रे ती. पहिल्यापासून लाव.”

मी म्हणालो, “सर, आता मी हे मागं नेत नाई.”

माझ्या तोंडून ‘नाई’ गेलं होतं. किती दिवसांनी. सरांनी चमकून पाहिलं. मी हॉलकडे तोंड केलं. “आवाज माहा हाय, बाई. थो मास्तर मीच.”

टाळ्या पडल्या नाहीत. असल्या ठिकाणी पडत नसतात. काही मास्तर खाली बघायला लागले. एकजण, मघाशी सगळ्यांत मोठ्यानं हसलेला, खिशातला पेन काढून उगाच उघडझाप करू लागला.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही सोमवारपासून आपल्या मूळ शाळेवर रुजू व्हा.” मदतनीस झाल्यापासून मी ‘तू’ होतो, ‘रे’ होतो. हाकलताना ‘तुम्ही’ झालो. “मी तुमचं भलंच केलं होतं,” ते म्हणाले. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दलही अपराधी वाटलं. खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं वाटलं. गुलामीची खोड अशी, बेडी तुटली तरी मनगट तीच जागा खाजवत राहतं.

ती कॅसेट कपाटातच राहिली. मागचं चिमुकलं प्लास्टिक मोडलं की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, ते सरांनी कधीच मोडलं होतं. त्या भोकावर चिकटपट्टी लावून मी ती पुसू शकलो असतो. हात तिथवर गेलाही. पण तिच्यात ती पोरं होती. त्यांना दुसऱ्यांदा पुसायला माझा हात झाला नाही. माझ्यामागं दुसरा कुणी बोट घेऊन तिथं बसला असेल, ‘काहून’ला थांबवत असेल. त्याचं ओझं माझ्यावर आहे.

फाटकाशी शेवंताबाई उभ्या होत्या. मला वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“आधी काहून नाई बोल्ला गा?”

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत, त्यांची गाडी होती.

घरी आलो. बायकोला सगळं खरं सांगितलं, खिरीच्या दिवसापासूनचं. तिनं लेकीचं दप्तर उचलून खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, “सोमवारपासून तिले शाळेत कोन नेईन, थे पाहा.” आई कोपऱ्यात बसली होती. मी तिच्यापुढे जाऊन बसलो. “बोल ना वं माय,” म्हणालो. ती बोलली नाही. तिचा तो हक्क होता. तिचं बोलणं मी एका वाक्यात बंद केलं होतं, ते एका वाक्यात उघडणार नव्हतं.

सोमवारी पहाटेच्या गाडीत बसलो तेव्हा मनाशी ठरवून बसलो होतो. मास्तरांची माफी मागून भागणार नाही. माफ करायलाही तोंड लागतं, आणि तोंड तर मी त्यांचंच बंद केलं आहे. आता रविवार माझा नाही. ज्या ज्या शाळेत तो टेपरेकॉर्डर लाल फडक्यात बांधून ठेवलाय, तिथं तिथं मी जाणार. मास्तराला घरून बोलावून कपाटाची किल्ली मागणार. झेंडूची माळ काढून टाकणार, मशीन टेबलावर ठेवणार, बटण दाबणार आणि मास्तराला म्हणणार, बोल.

आणि त्यानं विचारलं, “काहून?”, तर तोच पहिला शब्द भरून घेणार. त्यापुढची टेप थांबवणार नाही.