पहाडावर दुखत होतं काय?

माह्या पोरीच्या बाबाले फौजेनं पेन्शनीची वर्षं भरायच्या आधीच घरी धाडलं. कारण काय, तर संधिवात. दोन्ही गुडघे गेलेले. बरं, मंग त्या दुखण्याची पेन्शन? तर तीबी नाही. डॉक्टराईच्या बोर्डानं लिहून देल्लं का हा रोग अंगचाच आहे, नोकरीनं झाला नाही. अंगचा म्हणे! हिवाळेच्या हिवाळे बर्फाच्या पहाडावर बंदूक घेऊन उभा राह्यलेला माणूस, अन् रोग अंगचा. मले असा राग आला का त्या बोर्डाले नेऊन एक रात तरी त्या बर्फात उभं करावं.

आमचं गाव केळापूरच्या इकडं. वावर नाही. मी लोकाइच्या वावरात निंदण करो, कापूस वेचो. पण कापसाचंच मरण होतं तवा. बोंडअळी लागे, भाव पडे, वावरवालेच डोक्याले हात लावून बसत, मंग मजुराले कोण बोलावते? बाबा घरी बाजेवर. खाली बसता येत नव्हतं, बसले तर उठता येत नव्हतं. परसाकडं जायचं म्हटलं तरी मले हात द्या लागे. अन् पोरगी पांढरकवड्याले अकरावीत, होस्टेलवर. हुशार लय. नर्स होतो म्हणे. माह्या एकटीच्या मजुरीवर ते निभणार नव्हतं. पेन्शन लागली तर पोरगी शिकते, नाही तर माह्यासंगं वेचणीले येते, इतकं ते सरळ होतं.

यवतमाळच्या सैनिक कचेरीत एक म्हातारा कारकून होता, तोबी फौजेतलाच. त्यानं आमचं अपील लिहून देल्लं. नागपूरले नव्या बोर्डाची तारीख आली तवा मले बाजूले घेऊन म्हणे, "वैनी, तिथी एकच गोष्ट पाह्यतात. दुखणं पहाडावर असताना सुरू झालं का नाही. कागदात काहीच नाही, कारण या माणसानं तिथी दवाखान्याचं तोंडच पाह्यलं नाही. आता जे काही आहे ते त्याईच्या तोंडून निघालं पाहिजे."

मले तर माहीत होतं का दुखत होतं. सुट्टीत घरी आले का मी निरगुडीचा पाला ऊन करून बांधो. जेवाले बसले का एक पाय लांब करून बसत. काय झालं विचारलं का म्हणत, "काही नाही वं, गाडीत बसून बसून आखडला." फौजेतल्या माणसाचं हे एक भलतंच खूळ आहे. दुखते म्हटलं का तो कामचोर. साहेब पुढं आला का पाय तुटला असला तरी टाचा जोडाच लागतात.

म्हटलं, या बारीनं मी सोडत नाही. बसमध्ये बसल्यापासून नागपूर येईपर्यंत त्याईच्या कानाशी लागली. "विचारलं का सांगजा, हो साहेब, तिथूनच दुखत होतं. खोटं थोडीच आहे?" ते खिडकीबाहेर पाहून हो हो म्हणत. "अन् टाचा नोका जोडू. काठी हातातच ठेवजा."

"अवं हो म्हटलं ना! डोकं खाऊन राह्यली तू."

चिडले म्हणजे ऐकलं, असं मले वाटलं.

फौजेच्या दवाखान्यात आमचा नंबर आला. दारापाशीच त्याईनं काठी माह्या हातात देल्ली. अवो, घ्या ना, असं मी म्हणतो तवर हे आत. टेबलामागं बोर्डाचा वर्दीतला डॉक्टर, तरणाताठा. बाबानं टाचा जोडल्या, खाड्‌कन आवाज झाला.

डॉक्टर चांगला होता, खोटं कायले बोलू. कागद बाजूले सारून त्यानं नीट विचारलं, "बताओ जवान, पोस्ट पर घुटनों में दर्द होता था?"

"नहीं साहब! बिल्कुल नहीं साहब!"

मले राहवलं नाही. मी आत घुसली. "साहेब, खोटं बोलून राह्यले हे! सुट्टीत आले का मीच शेकत होती गुडघे!"

डॉक्टरनं बाबाकडं पाह्यलं. पुन्हा विचारलं, हळू. थांबला. त्याले हो ऐकायचं होतं, मले दिसत होतं ते. अन् हे काय म्हणतात?

"औरत है साहब. इसको क्या मालूम."

बाहेर आल्यावर मी लाजलज्जा सोडली. लोक पाहत होते तरी बोलली. "तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय? पोरीच्या पोटावर पाय देल्ला तुम्ही! कोणासाठी? काहून केलं असं?"

ते लिंबाखालच्या ओट्यावर टेकले होते. मंग खाली पाहूनच बोलले.

"एक बार म्हटलं होतं मी. हवालदाराले. म्हटलं, गुडघे लय दुखून राह्यले, आज पहाऱ्यावर उभं राहणं होत नाही. त्यानं माह्या जागी दुसऱ्याले धाडलं. त्याच पाळीत बर्फाचा कडा खाली आला. गेला तो. पंजाबकडचा होता, माह्यापेक्षा लहान." त्याईनं गुडघा दाबून धरला. "आता त्याच दुखण्याची पेन्शन मागू? त्याच्या मरणाचं खाऊ मी?"

इतक्या वर्षांत हे मले पहिल्यांदा कळलं. वाईट वाटलं, लय वाटलं, त्या पोराच्या मायचं काय झालं असन हेबी मनात आलं. पण त्याच्या मागूनच दुसरं आलं. मी त्याईचा हात धरून ओढला. "चाला. हेच सांगा आत जाऊन. जसंच्या तसं सांगा. डॉक्टर आहे अजून."

"नाही."

"पाया पडतो तुमच्या."

अन् पडलीबी, तिथीच, सगळ्याईपुढं. त्याईनं पाय मागं घ्यायचं पाह्यलं, पण गुडघा वाकेना. "तो तर गेला हो," मी म्हटलं, "आपली पोरगी जित्ती आहे ना." त्याईच्या डोळ्याले धार लागली होती, पण मान हलली ती नाहीच म्हणून. तवर तिकडं दार लागलं अन् डॉक्टर जीपमध्ये बसून गेला.

अपील नामंजूर झाल्याचं पत्र वेचणीच्या सुरुवातीले आलं. दिवाळीची सुट्टी संपली, होस्टेलच्या पोरी परत गेल्या, आमची नाही गेली. पहाडावरचं त्याईनं तिले सांगितलं नाही, मीबी नाही. काय सांगणार? ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी दारात येऊन उभी राह्यली अन् म्हणाली, "आई, एका वर्षाचंच आहे ना?"

मी हो म्हटलं अन् तिच्या कमरेले कापूस वेचायचं फडकं बांधलं.