‘मिळाले’ म्हणजे काय मिळाले

ती केस आठवली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. बायको म्हणते, ॲसिडिटी आहे, शेंगदाणे बंद करा. शेंगदाणे बंद केले. गोळा येतोच.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे पुढे वाचताना धक्का बसायला नको. शिक्षण सातवी, तीही मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून पूर्ण झाली. भरतीला छाती मोजली, उंची मोजली, डोकं कोणी मोजलं नाही. निवृत्त झालो सहायक फौजदार म्हणून. शेवटची दोन वर्षं गुडघे गेले, तेव्हा परळच्या बाजूच्या आमच्या ठाण्यात मला बारनिशीला बसवलं. बारनिशी म्हणजे आवक-जावक. लोक अर्ज आणतात, एक प्रत आपण ठेवायची, दुसरीवर ‘मिळाले’ असा शिक्का मारायचा, सही करायची, परत द्यायची. त्यात अक्कल लागत नाही म्हणूनच मला दिलं होतं.

निवृत्तीला चार महिने होते. दुपारी तीनला एक मावशी आल्या. भोईवाड्याच्या मागच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या. हॉस्पिटलात आया म्हणून तीस वर्षं काढलेली, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तक्रार द्यायला आल्याच नव्हत्या. मला म्हणाल्या, “साहेब, यांना तुमचीच परवानगी आहे ना? मग जरा फोन करा. म्हणावं, बाईला उद्यापर्यंत टाइम द्या.”

“कोणाला फोन करू, मावशी?”

त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर क्रिप्टोच्या एक्सचेंजचं ॲप. क्रिप्टो म्हणजे कॉम्प्युटरवरचं नाणं, एवढं मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. मावशींनी सात लाख भरले होते. हॉस्पिटलातून सुटताना मिळालेले आणि नवऱ्याच्या फंडाचे. ॲपमध्ये त्याचे अकरा लाख झालेले दिसत होते. खाली लाल अक्षरात लिहिलेलं : पैसे काढायचे असतील तर आधी टॅक्सचे नव्वद हजार भरा, आज सहापर्यंत, नाहीतर खातं बंद.

“बांगड्या घेऊन निघाले होते सोनाराकडे,” मावशी म्हणाल्या. पिशवीत रुमालाची गाठ होती. “म्हटलं आधी तुमच्याकडे येऊन जाऊ.”

“न विचारता सात लाख दिलेत?”

“न विचारता? काय ओ साहेब, मी काय अडाणी वाटले? हॉस्पिटलात शिक्क्याशिवाय कापूस पण मिळत नाही. मी त्यांना सांगितलं, सरकारी कागद दाखवा, मग बोला. त्यांनी दाखवला. मी झेरॉक्स मागून घेतली.”

त्यांनी पिशवीतून लॅमिनेशन केलेला कागद काढला. ‘लालबाग येथे क्रिप्टो टोकन एक्सचेंजचे मार्गदर्शन केंद्र सुरू करीत आहोत, माहितीस्तव सादर.’ वर ठाण्याचं नाव. अर्धा अर्ज झेरॉक्सच्या आधीच फाडलेला, अर्जदाराचं नाव गायब. पण शिक्का ठळक. आमचा. ‘मिळाले.’

“ते म्हणाले, बघा मावशी, पोलिसांकडून लायसन्स मिळाले.”

शिक्क्याखाली सही होती. गांडूळ चिखलातून चाललंय अशी. असली सही अख्ख्या मुंबई पोलिसांत एकच माणूस करतो.

मला सगळं आठवलं. सात-आठ महिन्यांपूर्वी एक गुळगुळीत दाढीचा माणूस आला होता. मी लालबाग वाचलं, टोकन वाचलं, आणि समजलो की दर्शनाच्या रांगेचं टोकन असेल. क्रिप्टो हा शब्द काही नीट लागला नाही, म्हणून रजिस्टरला नोंद केली ‘कृपा टोकन’. अर्ज टाकला गणेशोत्सवाच्या फायलीत. शिक्क्याची तारीख फिरवायला विसरलो होतो, आवक नंबर टाकणार तेवढ्यात चहा आला. एका कागदावर इतक्या चुका करायलाही मेहनत लागते.

मी मावशींना म्हटलं, “एक रुपया भरू नका.” एवढं मात्र बरोबर बोललो. त्यांना आमच्या पीएसआय मॅडमकडे नेलं. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, शिकलेल्या इंजिनिअर, सायबरचा कोर्स केलेल्या. मला काका म्हणायच्या. कागद त्यांच्या हातात देताना मी अंगठा बरोबर सहीवर ठेवला होता.

मॅडमनी तक्रार घेतली, पोर्टलवर टाकली, बँकेला कळवलं. मग म्हणाल्या, “काका, यातला मोठा भाग बाहेरच्या वॉलेटला गेलाय. तो मिळणं कठीण. इथल्या दलालाचं कमिशन मात्र इथेच कुठेतरी असणार. त्याला आणा.”

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर गाळा होता. भिंतीवर बाप्पा, बाप्पाच्या शेजारी फ्रेममध्ये माझा शिक्का. अगरबत्ती दोघांना मिळून एकच. मॅडमनी फोनवर सांगितलं, वॉलेट जप्त करा. मी दलालाच्या मागच्या खिशातून पाकीट काढलं आणि पंचनाम्यात लिहिलं, ‘चामड्याचे काळे पाकीट, एक.’ मॅडमनी तो पंचनामा वाचला आणि पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसल्या.

चौकशी सुरू झाली. माणूस एकदम थंड.

“मॅडम, मी पण फसलोय. माझे पण अडकलेत. हे बघा.” त्याने तेच ॲप उघडून दाखवलं. त्यातही लाखो.

“घरचं कोण आहे यात?”

“कोणी नाही. बायको गावाला असते, तिला यातलं काय कळत नाही.”

“आणि हा शिक्का? कुठे बनवलास?”

“बनवला नाय मॅडम, आईशप्पथ. इथेच मारून दिला. एक काका होते, चहा पीत होते.”

मी कपाटामागे सरकलो. गाळ्यावर त्याने मला ओळखलं नव्हतं, शिक्का घेताना त्याचं सगळं लक्ष कागदावरच होतं. चहा पिणारा काका म्हणजे आमच्या ठाण्यात निम्मे, पण माझ्या कपाळावर तेव्हा इतका घाम होता की मॅडमनी पंखा वाढवायला सांगितला.

शाळेत शिकलो नाही तरी ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली माणसं तीस वर्षं बघितलीत. ज्याचे पैसे अडकलेत तो मोबाइल खाली ठेवत नाही. बाहेर मावशी दर दोन मिनिटांनी ॲप उघडत होत्या. या गृहस्थाचा मोबाइल टेबलावर, त्याच्या हाताला लागेल असा पडला होता, आणि ॲप दाखवून झाल्यावर त्याने परत एकदाही बघितलं नाही. मी मॅडमना बाहेर बोलावून हे सांगितलं.

“बरोबर आहे, काका. याचे पैसे त्या ॲपमध्ये नाहीतच. मला वाटतं याने स्वतःचं नोंदणी असलेल्या एक्सचेंजला ठेवलंय.”

“मग ते बरं असतं का?”

“बरं म्हणजे बँक नव्हे. भाव पडला, हॅक झालं, तर कोणी भरून देत नाही. पण त्यांना केंद्र सरकारकडे नोंद करावी लागते, पॅन घेतल्याशिवाय खातं देता येत नाही, आपली नोटीस गेली की उत्तर द्यावं लागतं. मावशींच्या ॲपला पत्ताच नाही, नोटीस लावायची कुठे? त्याच्या पॅनवर विचारलं मी आत्ताच. काही नाही. दुसऱ्या कोणाच्या नावावर असणार.” त्यांनी घड्याळ बघितलं. “कलमं अशी आहेत की आज अटक होत नाही. नोटीस देऊन सोडावं लागेल. बाहेर गेला की दहा मिनिटांत उडवेल सगळं. त्या अर्जाची ठाण्याची प्रत असती तर नाव मिळालं असतं. रजिस्टर बघा ना.”

मी बारनिशीत गेलो. शिक्क्यावर जी तारीख होती त्या तारखेला तसा अर्ज नव्हताच, कारण तारीख चुकीची होती. क्रिप्टो नावाची नोंद नव्हतीच, कारण मी कृपा लिहिलं होतं. परत जाऊन म्हणालो, “नाही, मॅडम.”

“म्हणजे शिक्का बोगस. खोट्या शिक्क्याचं कलम पण लावते.”

मी सुटलो होतो. माझ्या मूर्खपणावर माझ्याच मूर्खपणाचं पांघरूण पडलं होतं. गप्प बसलो असतो तर आज चार मित्रांत मान वर करून हिंडलो असतो. फक्त त्या माणसाला मी मारलेल्या शिक्क्याची शिक्षा झाली असती आणि मावशींचे पैसे गेले असते. मी बारनिशीत जाऊन बसलो. पेन्शन, चौकशी, बायकोला काय सांगायचं, सगळं डोक्यात फिरत होतं. ड्रॉवर उघडला, बंद केला, परत उघडला.

बाहेर बाकड्यावर मावशी शेजारच्या बाईला मोबाइल दाखवत होत्या. ती पाकीटमारीची तक्रार द्यायला आली होती.

“बघा, सकाळपासून दोन हजाराने वाढले,” मावशी सांगत होत्या. “टॅक्स भरला की सुटतील. पोलिसांचा शिक्का आहे ना, बुडणार कसे?”

मी उठलो, गणेशोत्सवाची फाईल काढली, आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

“मॅडम, तो चहा पिणारा काका मी. अर्ज यात आहे. पेन्शनला चार महिने...”

“पेन्शनचं नंतर रडा, काका. पान कुठलं?”

अर्ज बायकोच्या नावाने होता. केंद्राची मालकीण ती. मागे तिच्या पॅनची झेरॉक्स टाचलेली. नंतर कळलं, तिला त्याने कुकरच्या वॉरंटीचा फॉर्म आहे म्हणून सही मागितली होती. मॅडमनी तो पॅन नंबर घालून नोंदणीवाल्या एक्सचेंजना तातडीच्या नोटिसा मेल केल्या. साडेपाच वाजले होते.

“उत्तर येईपर्यंत त्याला बसवायचं कसं?” मॅडम म्हणाल्या. “जबाब झाला त्याचा.”

“झाला, पण वाचून दाखवायचा राहिलाय,” मी म्हटलं. “तो मी दाखवतो.”

जबाब सही घेण्याआधी वाचून दाखवायचा असतो. चार पानं होती. माझं वाचन म्हणजे एकेका काना-मात्रेला नमस्कार करत पुढे जायचं. त्या दिवशी मी जरासुद्धा नाटक केलं नाही, नेहमीसारखाच वाचत होतो. पहिलं पान संपायला वीस मिनिटं लागली. दुसऱ्या पानावर जोडाक्षरं जास्त होती.

“साहेब, द्या, मीच वाचतो,” तो म्हणाला.

“नाही. नियम आहे.”

“मग जरा फास्ट.”

“फास्ट वाचता आलं असतं तर मी कमिशनर झालो असतो.”

तिसऱ्या पानाला त्याने पहिल्यांदा मोबाइलकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग मॅडमच्या केबिनकडे. त्याचा पाय हलायला लागला. माझाही हलत होता, मी टेबलाखाली एका पायाने दुसरा दाबून धरला होता. चौथ्या पानावर मला पाणी प्यावं लागलं. शेवटच्या ओळीला पोचलो, ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे,’ आणि मॅडमच्या केबिनचं दार अजून बंद. मी म्हटलं, “एक शब्द राहिला वाटतं,” आणि परत पहिल्या पानावर गेलो. तो माणूस उभा राहिला. म्हणाला, “साहेब, पाया पडतो, सोडा.”

तेव्हा दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, “खातं सापडलं. गोठवलंय.”

तो परत खाली बसला. मी जबाबाचा कागद उलटा धरलाय हे मला मॅडमनीच दाखवलं.

पुढचं कोर्टाचं काम वर्षभर चाललं. फसलेले दहा-बारा जण होते, गोठवलेलं सगळ्यांत वाटलं गेलं. मावशींच्या सातातले सव्वातीन परत आले. बाकीचे कुठल्या देशात आहेत ते अजून कोणाला माहीत नाही. माझी चौकशी झाली आणि वेतनवाढ रोखली. निवृत्तीला महिना राहिलेल्या माणसाची वेतनवाढ रोखणं म्हणजे टकल्याचा कंगवा जप्त करणं.

मावशींना मी खातं गोठवलं त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. बाकड्यावर शेजारी बसलो.

“मावशी, ती सही माझी. पण ती परवानगी नव्हती. कागद आमच्याकडे पोचला, एवढंच.”

“मग तसं लिहायचं ना.”

“लिहिलंय की. ‘मिळाले’.”

“मिळाले म्हणजे काय मिळाले?” त्यांचा आवाज चढला नाही. “माणसाला वाटणार लायसन्स मिळाले. तुम्ही लोक तिकडे बसून एक शब्द मारता, आम्ही इकडे त्याच्यावर जन्म काढतो.”

रुमालाची गाठ त्यांनी पिशवीत खाली सारली आणि एकट्या घरी गेल्या.

लोक विचारतात, या केसने काय शिकवलं. मोठं काही नाही. कोणी म्हणालं इथे पैसे घाला, तर त्याला म्हणायचं, तुझे स्वतःचे कुठे आहेत? ॲपमधले आकडे नकोत, पैसे बाहेर काढून दाखव. त्या माणसाने अख्ख्या चाळीला बिनपत्त्याचं ॲप दिलं आणि स्वतःची कमाई मात्र नियम पाळणाऱ्याकडे ठेवली, म्हणजे फरक त्याला पक्का ठाऊक होता. आणि शिक्का दिसला तर तो कशाचा आहे ते विचारायचं. आपल्याला विचारायची लाज वाटते, आणि माझ्यासारख्याला उत्तर द्यायचा कंटाळा. या दोघांच्या मध्ये सात लाख मावतात, हे मी बघितलंय. शेवटचे महिने मी प्रत्येक शिक्क्याखाली हाताने लिहायचो, ‘फक्त कागद मिळाला, परवानगी नाही.’ साहेब ओरडायचे. मी लिहायचोच, त्यात दोन वेळा परवानगीची वेलांटी चुकली.

निवृत्तीनंतर मावशी एकदा घरी आल्या. आलेले पैसे बँकेत ठेवायचे होते, मुदत ठेवीचा फॉर्म आणला होता. बायकोने चहा ठेवला. मला जरा बरं वाटलं, म्हटलं शेवटी विश्वास बसला बाईंचा. चष्मा लावून म्हणालो, “मावशी, मी सातवी पास. हे मॅडमना दाखवायला हवं.”

“मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या ठीक आहे,” मावशी म्हणाल्या. “तुमच्याकडे एवढंच बघायला आले, यावर कुठे तुमची सही तर नाही ना.”